पंधराव्या वर्षी निर्णय कोण घेतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सगळी नोकरी नववी-दहावीच्या वर्गांवर काढली. मीही गेली कित्येक वर्षं त्याच वयाच्या मुलामुलींबरोबर शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. म्हणून आजचा विषय त्याच बाकांवरचा घेतला आहे. या वयातली मुलं निर्णय कशी घेतात, त्यात विचाराचा वाटा किती, भावनेचा किती, आणि हातून घडणाऱ्या कृतीचा किती?

सुरुवातीलाच एक समज बाजूला ठेवू या. ‘या वयात पोरांना अक्कल नसते, ती विचारच करत नाहीत’ हे वाक्य मी पालकसभेत हमखास ऐकते. संशोधन वेगळंच सांगतं. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी किशोरांना आणि प्रौढांना साधे प्रश्न विचारले. शार्क माशांबरोबर पोहणं चांगलं का? केसांना आग लावणं चांगलं का? उत्तर दोन्ही गटांनी ‘नाही’ असंच दिलं, पण किशोरांना वेळ जास्त लागला. मोठ्या माणसाच्या मनात ही गोष्ट कधीच निकालात निघालेली असते. मुलगा मात्र खरोखर तोलत बसतो. शार्क किती मोठा, पाणी किती खोल, बरोबर कोण आहे. व्हॅलरी रेना या संशोधिकेने याच धाग्यावर पुष्कळ काम केलं आहे. तिचं म्हणणं असं की, धोका असतो हे मुलांना माहीत असतं, कित्येकदा ती तो वाजवीपेक्षा जास्तच धरतात, आणि तरीही समोरचा फायदा त्यांना जड वाटतो. मोठी माणसं हिशेब न मांडताच ‘हे आपल्याला नको’ म्हणून बाजूला होतात. ही सवय अनुभवातून येते, आणि नेमका अनुभव गोळा करण्याचं वय आपण अक्कल नसण्याचं वय ठरवून टाकतो.

मग ज्या मुलाला सगळं कळतं, तोच मुलगा शनिवारी रात्री मित्राच्या बाइकवर ट्रिपल सीट कसा काय बसतो?

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ३०६ जणांना घेतलं आणि त्यांचे तीन गट पाडले: १३ ते १६ वयाची मुलं, १८ ते २२ वयाचे तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ. सगळ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण अचानक भिंत उभी राहिली तर सगळे गुण गेले. निम्म्यांनी हा खेळ एकट्याने खेळला, निम्म्यांनी समवयस्कांसमोर. एकटी असताना मुलं मोठ्यांपेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत. सोबती पाहत असले की मात्र मुलांनी घेतलेला धोका खूप वाढला, तरुणांचा थोडा वाढला, आणि प्रौढांवर काहीच परिणाम झाला नाही. पुढे २०११ मध्ये असाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना खेळवला गेला. मित्र शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर फक्त पाहत होते, तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जोरात कामाला लागला.

हे मी थोडं विस्ताराने सांगते आहे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया इथे आहे. मुलगा तोच, बुद्धी तीच, आणि धोक्याची माहितीही तीच. बदलली ती परिस्थिती. कोण पाहतं आहे आणि मन किती तापलं आहे, एवढ्यावर निर्णय पालटला. स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ११ देशांतल्या, १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांचा अभ्यास केला. त्यात भारतही होता. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ प्रौढांइतकी होते. भावना उसळलेल्या असताना स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र विशीत जाईपर्यंत वाढत राहते. मेंदूच्या रचनेतूनही हेच दिसतं. जे गीड यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याच मुलांचे वर्षानुवर्षं काढलेले स्कॅन मांडले आणि दाखवलं की पौगंडावस्थेत मेंदूची बांधणी जोरात चालू असते. कपाळामागचा जो भाग थांबायला आणि पुढचं पाहायला लावतो, तो सगळ्यांत उशिरा पक्का होतो.

जाता जाता झोपेबद्दलही सांगितलंच पाहिजे. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नाही, शरीरधर्म आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच शिफारस केली की या वयाची शाळा साडेआठच्या आत भरवू नये. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण ज्यांना सकाळची झोप सगळ्यांत जास्त हवी, ती नववी ते बारावीची मुलं पहाटे सहाच्या क्लासला सायकल मारत जातात. झोप अपुरी झाली की पहिला ताबा सुटतो तो भावनांवरचा. मग त्याच मुलाला आपण दुपारी विचारतो, ‘तू शांतपणे विचार का करत नाहीस?’ मला याचा राग येतो, आणि तो या सभागृहात बोलून दाखवणं माझं काम आहे असं मी मानते.

आता विचार, भावना आणि कृती या तिघांच्या नात्याकडे येते. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी एक उपचारपद्धती मांडली. तिचं सार थोडक्यात असं: घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटनेबद्दल आपण जे धरून बसतो त्यातून भावना येते आणि भावनेतून वागणं. मुंबईत प्रा. कि. मो. फडके यांनी ही पद्धती आत्मसात केली, एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि ती मराठीत रुजवली. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घराघरात नेली. त्यामुळे मराठी वाचकाला यातलं बरंच ऐकून माहीत आहे. पण मुलांसोबत काम करताना मला दिसतं की ही वाट एकदिशा नाही. कृतीतूनही विचार पक्का होतो, आणि ही बाजू आपण फार कमी पाहतो.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. दहावीला तिला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. घरात नव्वदचा आकडा वर्षभर बोलला गेला होता. निकालाच्या दिवशी तिने फोन बंद केला, खोलीचं दार लावून घेतलं, आणि दोन दिवस ती जेवायलासुद्धा आईने ताट आत नेलं तरच जेवत होती. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते. ते तिच्या मामांनी सायबर कॅफेत बसून भरले. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, हे मामांना ठाऊक होतं. पहिल्या क्रमांकावर कोणतं कॉलेज टाकलं आहे, हे मुलीला मात्र ठाऊक नव्हतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखायला लावले. मनात काय आलं, काय वाटलं, काय केलं. पहिल्या रकान्यात तिने लिहिलं, ‘आता माझं काही होणार नाही.’ दुसऱ्यात, ‘छातीत धडधड, लाज.’ तिसऱ्यात, ‘फोन बंद.’ मग पेन हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली आणि चौथी ओळ तिने स्वतःहून पुन्हा पहिल्या रकान्यात लिहिली: ‘कुणीच विचारपूस केली नाही, म्हणजे कुणाला माझी पडलेली नाही.’ फोन तिनेच बंद केला होता. मैत्रिणी फोन करत होत्या आणि लागत नव्हता. पण दोन दिवसांच्या शांततेने तिच्या मनातला पहिला विचार खरा करून दाखवला होता. ती ओळ वाचताना तिला स्वतःलाच ते दिसलं. मला समजावून सांगावं लागलं नाही.

अशा वेळी ‘असा विचार करू नकोस’ हे वाक्य कुचकामाचं असतं. तापलेल्या मनाला उपदेशाने थंड करता येत नाही. मी तिला एक छोटं काम दिलं: घराजवळच्या कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या एका ताईला भेटून ये, तिची प्रॅक्टिकलची जर्नल्स बघून ये. ती गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे प्रश्न होते. फार्मसीला कोणते विषय लागतात, डिप्लोमा आणि डिग्री यांत फरक काय, लॅबमध्ये मुली किती. भीतीची जागा कुतूहलाने घेतली होती, आणि हे घडलं बसचं तिकीट काढून तिथे जाण्यातून. शेवटी तिने सायन्सच घेतलं, म्हणजे मामांनी भरलं होतं तेच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, मग फरक काय पडला? फरक असा की डिसेंबरमध्ये चाचणीत कमी गुण पडले तेव्हा तिने फोन बंद केला नाही. शिक्षिकेला गाठून पेपर मागून घेतला.

आता आपल्याच इतिहासातल्या एका किशोरीकडे वळते. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे तिने त्या वेळी पाहिलं. १८८३ साली ती कलकत्त्याहून बोटीत बसली. १८८६ च्या मार्चमध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून तिने पदवी घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पूर्ण न झालेली, ती गेली. ही गोष्ट आपण शाळेत जिद्दीची गोष्ट म्हणून शिकवतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे मधली चार वर्षं.

मूल गेल्याचं दुःख आणि अमेरिकेचा निर्णय या दोन्हींमध्ये जवळपास चार वर्षं गेली. त्या काळात अभ्यास झाला, बदल्यांमागून गावं बदलली, भाषा शिकली, लोकांचे टोमणे ऐकले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र छापलेलं वाचलं आणि आपणहून पत्र लिहिलं. मग या दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव वयाने कितीतरी मोठे, तापट आणि हट्टी होते. अभ्यासासाठी आनंदीबाईंनी मारही खाल्ला, हे चरित्रांत आलं आहे. मग निर्णय कुणाचा? सुरुवातीला तो गोपाळरावांचाच होता, असं माझं मत आहे. पण निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात अठराव्या वर्षातली आनंदीबाई उभी राहिली आणि मी का जाते, एकटी का जाते, इथेच का शिकत नाही, अशा लोकांच्या प्रश्नांना तिने एकेक करून उत्तरं दिली. तोपर्यंत तो निर्णय तिचा झाला होता. भावना खोल होती, विचाराला वेळ मिळाला, आणि समुद्रापलीकडे का होईना, दटावल्याशिवाय ऐकणारं एक मोठं माणूस मिळालं. दुसऱ्याने सुरू केलेला निर्णय आपला कसा होतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं ते कुणीही तिला विचारून केलं नव्हतं. त्याला दीडशे वर्षं झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेलं आढळलं. पाचांत एकीहून जास्त. किशोरवयीन मुलं निर्णय कसा घेतात यावर बोलताना, जिला निर्णयच मिळाला नाही ती या सभागृहाबाहेर राहू नये, म्हणून हा आकडा.

सोबत्यांमुळे मुलं बिघडतात, एवढंच सांगून मी थांबले तर तेही अर्धवट होईल. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसवंगडी पडले. समवयस्कांच्या नजरेने पेटणारं मन तेच. त्या मनापुढे त्या काळाने काय ठेवलं होतं, हे पाहायचं. आजच्या मुलांपुढे आपण काय ठेवलं आहे? मुलांपुढे काय ठेवलं जातं याने फरक पडतो, हे टेक्सासमध्ये आठवीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात सापडलं. ‘जंक फूड खाऊ नका, तब्येत बिघडेल’ याचा मुलांवर फारसा परिणाम होत नव्हता. खाद्यकंपन्या तुम्हाला आणि लहान मुलांना कशा युक्त्या करून फशी पाडतात, हे दाखवल्यावर मात्र त्यांनी चांगल्या खाण्याकडे जास्त प्रमाणात हात वळवला. मान आणि न्याय या दोन गोष्टींसाठी या वयाची मुलं उभी राहतात. तब्येत आणि भविष्य यांचे दाखले त्यांना दूरचे वाटतात.

या चित्रात मोठी माणसं कुठे आहेत, हे पुण्याने आपल्याला २०२४ च्या मे महिन्यात दाखवलं. कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या मोटारीने दोन तरुण जीव गेले. त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला तेव्हा सगळा देश संतापला. त्याला प्रौढ म्हणून शिक्षा व्हावी की नाही, यावर बराच वाद झाला. मला त्या रात्रीची साखळी जास्त अस्वस्थ करते. किल्ली कुणी दिली, दारू कुणी पुढे ठेवली. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. तरी आठवीतल्या मुलाला क्लासला जायला स्कूटर देणारे पालक प्रत्येक गावात आहेत, आणि आपण त्यांना ओळखतो.

आता शाळेबद्दल. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. शाळेतलं वातावरण सुधारायचं, भित्तिपत्रक काढायचं, मुलांना चिठ्ठी टाकता येईल अशी पेटी ठेवायची, अडचणीतल्या मुलाशी एकट्याने बोलायचं. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केलं. काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकांनी केलं. पहिल्या शाळांत मुलांचं नैराश्य, दादागिरी, मारहाण कमी झाली आणि शाळेबद्दलची आपुलकी वाढली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

इथे बसलेल्या शिक्षकांनी हे ऐकून दुखावून घेऊ नये. दोष त्यांचा आहे असं मला म्हणायचं नाही. जो माणूस गुण देतो, हजेरी मांडतो, पालकांना बोलावून घेतो, त्याच्यापुढे पंधरा वर्षांचं मूल मन उघडं करू शकत नाही. शिवाय त्या शिक्षकाला वेळ कुठे आहे? ‘संगाथ’ने पुढे दिल्लीच्या सरकारी शाळांत आणखी साधी पद्धत वापरून पाहिली: अडचण नेमकी कोणती ते मांडायचं, मार्ग कोणकोणते ते लिहायचं, त्यातला एक करून बघायचा. तीनच पायऱ्या, तीन आठवड्यांत चार-पाच बैठका, चित्रकथांच्या पुस्तिका. शेवटची पायरी ‘करून बघायचा’ ही आहे, हे लक्षात घ्या. नुसतं बोलून मोकळं होण्यावर ती पद्धत थांबत नाही.

म्हणून निकालाच्या आठवड्याबद्दल माझं मागणं अगदी साधं आहे. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी मुलाच्या आयुष्यात एकाच वेळी सगळं जमतं: शेजारी, नातेवाईक, मोबाइलवरचे स्टेटस, झोप नाही, छातीत धडधड, आणि समोर पसंतीक्रमाचा फॉर्म. पिवळ्या सिग्नलच्या प्रयोगात मुलं ज्या अवस्थेत चुकीचे निर्णय घेतात, नेमकी तीच अवस्था आपण घरात उभी करतो. ती टाळता येते. निकालाच्या दिवशी फॉर्मचा विषय घरात काढू नका, मुदत तेवढी लगेच नसते. निकालाआधी, एप्रिल-मेच्या सुट्टीत, मुलाला दोन-तीन कॉलेजं, एखादं आयटीआय, एखादं तंत्रनिकेतन स्वतःच्या पायाने पाहू द्या, तिथल्या मुलांशी बोलू द्या. पसंतीक्रम मुलगा किंवा मुलगी स्वतः भरेल, तुम्ही शेजारी बसाल. पहिल्या क्रमांकाचा अर्थ काय, हे त्याला अर्ज पाठवण्याआधी तोंडाने सांगायला लावा. आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे की त्या आठवड्यात, गुण देण्याशी ज्याचा संबंध नाही असं एक माणूस शाळेच्या एका खोलीत रोज तीन तास बसवा. ग्रंथपाल चालेल, निवृत्त शिक्षिका चालेल, गावातला एखादा वाचनालयवाला चालेल. मुलं येतील. पहिल्या दिवशी दोघं येतील, मग त्यांचे मित्र येतील.

एखादं मूल फारच खचलेलं दिसलं, जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं, तर ते नाटक आहे असं समजू नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. रात्री-बेरात्रीही तिथे उत्तर मिळतं आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मुख्याध्यापकांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि निकालाच्या आदल्या दिवशी प्रत्येक दहावीच्या पालकाच्या मोबाइलवर पाठवावा.